चौकटीबाहेरचा हात

दगडगोट्यांनी भरलेला एक समुद्रकिनारा. छायाचित्र कृष्णधवल. एक नग्न पुरुष आपल्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहत उभा आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर एक लहान मुलगा गोट्यांवर बसला आहे. आणि पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ एक मेलेली शेळी पडली आहे. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, हे फोटोवरून कळायला मार्ग नाही.

1954 च्या मे महिन्यात उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर आन्येस वार्दा या पंचविशीतल्या छायाचित्रकार मुलीने हा फोटो काढला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिने आपला पहिला चित्रपट करायला घेतला आणि 29 मार्च 2019 रोजी, नव्वदी गाठून, ती गेली तोपर्यंत ती चित्रपटच करीत राहिली. तेव्हा हा फोटो तिच्या दोन व्यवसायांच्या उंबरठ्यावरचा म्हणता येईल. 'छायाचित्रणाकडून ती चित्रपटाकडे वळली' हे वाक्य तिच्याविषयीच्या बहुतेक टिपणांत असते. मला या 'वळली' क्रियापदाविषयीच थोडे बोलायचे आहे. वळणारा माणूस मागे टाकलेल्या गोष्टीकडे पाठ करतो. वार्दाने तशी पाठ कधीच केली नाही, असे मला वाटते. मात्र हे मला समीक्षेची पुस्तके वाचून कळले नाही. आमच्या घरातल्या भिंतीवरच्या एका फोटोमुळे कळले, आणि तेही उशिरा. म्हणून या लेखात वार्दाबरोबर थोडे घरचेही येणार आहे. वाचकांनी ते चालवून घ्यावे.

वार्दाचे नाव मी प्रथम ऐकले ते 2011 च्या उन्हाळी सुटीत. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रमाला मी गेले होते. मराठी साहित्य शिकवणारी, चित्रपटाला 'कथा' म्हणूनच पाहण्याची सवय असलेली मी, आणि समोर 'क्लेओ द सँक आ सेत' हा 1962 चा चित्रपट. पॅरिसमधली एक गायिका वैद्यकीय तपासणीच्या निकालाची वाट पाहत आहे. कर्करोग असेल की नसेल, हे संध्याकाळी कळणार आहे. नाव 'पाच ते सात'. चित्रपट मात्र दीड तासाचा, साडेसहाच्या सुमारास संपणारा. घटना म्हणाल तर जवळजवळ नाहीतच. पूर्वार्धात सगळे क्लेओकडे पाहतात. आरसे, दुकानांच्या काचा, प्रियकर, मोलकरीण. मग एका क्षणी ती डोक्यावरचा केसांचा टोप काढून फेकते, बाहेर पडते आणि स्वतः इतरांकडे पाहू लागते. पाहिली जाणारी स्त्री पाहणारी होते, एवढेच काय ते 'कथानक'. त्या रात्री मला झोप लागली नाही. परत आल्यावर मी वार्दाचे जे जे मिळेल ते पाहू लागले.

तिची वाटचाल थोडक्यात सांगते. जन्म 30 मे 1928, ब्रसेल्सजवळच्या इक्सेलचा. वडील ग्रीक, आई फ्रेंच. महायुद्धात कुटुंब बेल्जियममधून निघून दक्षिण फ्रान्समधल्या सेत या बंदराच्या गावी आले आणि तिथे एका बोटीवर राहिले. पॅरिसला कलेतिहासाचे शिक्षण घेता घेता तिने छायाचित्रण शिकून घेतले. जाँ विलार हा नाट्यदिग्दर्शक मूळचा सेतचाच. त्याने आव्हिन्याँला सुरू केलेल्या नाट्यमहोत्सवाचे फोटो वार्दा 1948 पासून काढू लागली आणि पुढे त्याच्या 'तेआत्र नास्योनाल पोप्युलेर' या नाट्यसंस्थेची अधिकृत छायाचित्रकार झाली. जेरार फिलिप हा त्या काळचा लाडका नट आज लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो पुष्कळदा तिच्या फोटोंतून.

नाटकाच्या छायाचित्रकाराचे काम मोठे विचित्र. समोर माणसे हलत, बोलत, रडत असतात. त्यांतला एक क्षण थांबवायचा आणि बाकीचे सगळे सोडून द्यायचे. फोटो आपल्याला फार मुके वाटू लागले, त्यांना शब्दांची जोड हवीशी वाटू लागली, अशा आशयाचे वार्दाने पुढे मुलाखतींमधून सांगितले आहे. या खुलाशाने माझे पुरते समाधान होत नाही. शब्दच हवे होते तर फोटोखाली मजकूर लिहिता आला असता. तिला खुपत असावी ती फोटोची कड. चौकट जिथे संपते त्याच्या पलीकडे काय होते, ही गोष्ट.

1954 साली तिने चित्रपट करायला घेतला तेव्हा स्वतः मोजकेच चित्रपट पाहिलेले होते. सेतमधल्या 'ला प्वांत कूर्त' या कोळ्यांच्या वस्तीत, नावापुरत्या पैशांवर, सहकारी तत्त्वावर तिने तो केला आणि वस्तीचेच नाव त्याला दिले. संकलन केले आलँ रेने याने. फॉकनरच्या 'द वाइल्ड पाम्स' या कादंबरीत दोन स्वतंत्र कथा आळीपाळीने चालतात. त्यावरून तिने एक बाजू कोळ्यांच्या रोजच्या जगण्याची आणि दुसरी एका दुरावत चाललेल्या जोडप्याची, अशी रचना केली. ज्याला आपण फ्रेंच नवलाट म्हणतो तिचे गाजलेले चित्रपट 1959-60 चे. त्याच्या चार-पाच वर्षे आधी, कोणत्याही गटात नसलेल्या एका मुलीने हे करून ठेवले होते. 

आता पुन्हा त्या समुद्रकिनाऱ्याच्या फोटोकडे येते. 1982 साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, वार्दाने त्या एका फोटोवर 22 मिनिटांचा लघुपट केला. नाव 'युलीस', फोटोतल्या मुलाचे. ती फोटोतल्या माणसांना शोधत जाते. पुरुष भेटतो. त्याला त्या दिवसाविषयी फारसे सांगता येत नाही. मुलगा भेटतो. तो आता बाप्या झाला आहे, पॅरिसमध्ये पुस्तकांचे दुकान चालवतो. त्याला काहीच आठवत नाही. लहानपणी त्याने याच फोटोवरून एक चित्र रंगवले होते. वार्दा ते त्याच्या हातात ठेवते. तेही त्याला आठवत नाही. मग ती आजच्या मुलांना फोटो दाखवते. ती आपापल्या गोष्टी रचतात. ती 1954 च्या मे महिन्यातल्या बातम्या चाळते. व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू पडले तो हाच महिना. जगात एवढे घडत होते आणि त्यातले काहीही या गोट्यांवर उमटलेले नाही. शेवटी ती एका शेळीलाही फोटो दाखवते. शेळी तो खाऊन टाकते.

या सगळ्यांत एकच व्यक्ती अशी आहे जिला आठवते, आणि ती फोटोत नाही. मुलाची आई. स्पेनमधून निर्वासित होऊन आलेली, वार्दाची शेजारीण. त्या काळात मूल आजारी होते, पायाचे दुखणे होते. फोटोत आपल्याला एक निवांत बसलेले मूल दिसते. आईला त्याच्या बसण्यात ते दुखणे दिसते. कॅमेऱ्यासमोर बोलताना तिचा चेहरा बदलतो आणि आपल्या ध्यानात येते की आपण इतका वेळ कलात्मक रचना म्हणून जे न्याहाळत होतो, ते कुणाच्या तरी काळजीचे दिवस होते.

इथे मी चित्रपट थांबवला. रात्रीचे अकरा वाजले असतील. समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता.

वडील 1986 साली गेले, मी सहा वर्षांची असताना. आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांचा मोठा केलेला फोटो आहे. पांढरा शर्ट, किंचित वाकडी मान, चंदनाचा हार. त्यांचा एवढाच फोटो आमच्याकडे आहे. शर्टाच्या डाव्या खांद्यावर एक चमत्कारिक, गुळगुळीत, करडा डाग आहे. लहानपणी मला वाटे, शर्टाला नीट इस्त्री नसेल. पुढे त्याच्याकडे लक्ष जाणेही थांबले. रोज दिसणारी गोष्ट आपण पाहत नाही. त्या रात्री मात्र फोटोकडे पाहायचे कसे, हे कुणीतरी नुकतेच शिकवले होते. दुसऱ्या दिवशी मी आईला विचारले, "आई, हे खांद्यावर काय आहे?"

आई म्हणाली, "तो तुझा हात होता गं."

मूळ फोटो तिघांचा होता. 1984 साली तालुक्याच्या गावी स्टुडिओत काढलेला. वडील खुर्चीवर, आई शेजारी उभी, आणि मी मागे स्टुलावर, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. ते गेल्यावर भिंतीवर लावायला एकट्याचा फोटो हवा होता आणि एकट्याचा फोटो त्यांनी कधी काढलेलाच नव्हता. तेव्हा तिघांच्या फोटोतून त्यांना वेगळे काढून मोठे केले आणि खांद्यावरची माझी बोटे 'टचिंग' करून पुसली. मूळ फोटो स्टुडिओवाल्याने परत दिलाच नाही. आज मागू आणू म्हणता म्हणता तो स्टुडिओही बंद झाला.

आपल्याकडे असे पुष्कळ घरांतून झाले आहे. भिंतीवरच्या कितीतरी दिवंगतांच्या खांद्याशी दुसऱ्या कुणाचा अर्धवट खांदा किंवा पदराची कड राहून गेलेली असते. पण मला ते त्या दिवशी फार लागले. वडिलांची मला एकही खात्रीची आठवण नाही. त्यांच्याबरोबर मी एका चौकटीत होते, माझा हात त्यांच्यावर होता, याचा एकमेव पुरावा होता आणि तो ब्रशने पुसला गेला होता. पुढे कित्येक वर्षे मी ही हकीकत तक्रारीच्या सुरात सांगत आले. एम.ए.च्या वर्गाला आत्मचरित्र शिकवताना, गाळलेल्या गोष्टींविषयी बोलताना, उदाहरण म्हणून सांगितली. मुले गप्प होत. मला ते आवडे, हे कबूल केले पाहिजे.

दरम्यान वार्दाचे बाकीचे चित्रपट पाहणे चालू होते आणि फोटो तिथेही पाठ सोडीत नव्हता. 'साल्यू ले क्युबँ' हा 1963 चा लघुपट क्युबात काढलेल्या सुमारे दीड हजार स्थिरचित्रांनी बनला आहे. बेनी मोरे हा तिथला गायक त्यात फोटोंच्या मालिकेतून नाचतो. आणि चित्रपट पुरा होईपर्यंत तो मरण पावलेला होता. पॅरिसमध्ये वार्दा ज्या रस्त्यावर 1950 च्या दशकापासून अखेरपर्यंत राहिली त्याचे नाव 'रू दागेर', म्हणजे छायाचित्रणाचा एक जनक दागेर याचा रस्ता. 1970 च्या दशकाच्या मध्यात, मूल लहान असल्यामुळे घर सोडता येत नव्हते, तेव्हा तिने आपल्या घरातल्या विजेची वायर बाहेर काढली आणि सुमारे नव्वद मीटरची ती वायर जिथवर पोहोचेल तिथवरच्याच दुकानदारांवर माहितीपट केला: 'दागेरेओतीप'. पाववाला, खाटीक, शिंपी, अत्तरे विकणारे म्हातारे जोडपे. शेवटी ही माणसे कॅमेऱ्यासमोर स्तब्ध उभी राहतात, जुन्या फोटोंतल्यासारखी. फक्त त्यांच्या पापण्या हलतात. व्हेनिसच्या महोत्सवात 1985 साली सर्वोच्च पारितोषिक मिळालेला 'साँ त्वा नी ल्वा' हा कथापट घ्या. तो सुरू होतो तो थंडीने गोठून मेलेल्या एका भटक्या मुलीच्या प्रेतापासून. मग तिला ओझरते पाहिलेली माणसे एकेक करून सांगू लागतात. 'युलीस'चीच पद्धत आहे ही. मध्ये एक निश्चल चित्र, आणि भोवती त्याच्याविषयी अपुरे सांगणारी माणसे.

2000 साली तिने हातात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन एक माहितीपट केला. त्याच्या नावाचे मराठी करायला मला विशेष आनंद होतो, कारण त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: सरवा. कापणीनंतर रानात पडून राहिलेली कणसे वेचणे म्हणजे सरवा वेचणे. 'सरवा वेचणारे आणि सरवा वेचणारी', त्यांतली 'वेचणारी' अर्थातच ती स्वतः. मिले या चित्रकाराच्या 1857 च्या प्रसिद्ध चित्रापासून निघून ती टाकलेले बटाटे वेचणाऱ्यांपर्यंत, बाजार उठल्यावर उरलेली भाजी गोळा करणाऱ्यांपर्यंत जाते. हृदयाच्या आकाराचे, म्हणून विक्रीला अयोग्य ठरलेले बटाटे घरी आणते. काटे नसलेले एक घड्याळ घरी आणते. आणि एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या, सुरकुतलेल्या, डाग पडलेल्या हाताचे चित्रण करते. तो हात पाहताना मला आमच्या भिंतीवरचा पुसलेला हात आठवल्याशिवाय राहिला नाही.

तिचा नवरा दिग्दर्शक जाक दमी 1990 साली गेला. त्याच्या बालपणावर 'जाको द नांत' हा चित्रपट ती त्याच्या अखेरच्या दिवसांत करत होती. मधूनमधून कॅमेरा त्याच्या अगदी जवळ जातो. केस, त्वचा, हात. इतक्या जवळ की चौकटीच्या बाहेर काही उरायला जागाच राहू नये. वार्दाच्या साऱ्या चित्रपटांत हे दृश्य मला सोसत नाही, आणि तेच पुन्हापुन्हा पाहावेसे वाटते.

2008 सालच्या 'ले प्लाज द'आन्येस' या आत्मचरित्रपर चित्रपटात एक प्रसंग आहे. 'ला प्वांत कूर्त'च्या तयारीत वार्दाने एका मित्राला घेऊन थोडे नमुन्याचे चित्रण केले होते. तो पुढे तरुणपणीच वारला. त्याच्या मुलांना वडील माहीत ते फक्त फोटोंतून. आता प्रौढ झालेले ते दोघे मुलगे रात्री गल्लीतून एक हातगाडी ढकलत नेतात. गाडीवर प्रोजेक्टर, गाडीवरच पडदा, आणि पडद्यावर त्यांचे वडील हलताहेत, चालताहेत. मुलांनी वडिलांना हलताना प्रथमच पाहिले ते असे. छायाचित्रणाकडून चित्रपटाकडे 'वळणे' म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही. फोटोला ती सोडून आली नव्हती. त्याला गाडीवर घालून ढकलत पुढे नेत होती.

वार्दा गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात मी आईला 'युलीस'ची गोष्ट सांगितली. आई तेव्हा सत्तरीत होती. परदेशी चित्रपटांशी तिचा काही संबंध नाही, पण त्या मुलाच्या आईविषयी तिने बारकाईने विचारले. पाय बरा झाला का त्याचा, हे दोनदा विचारले. मग तिचे तिच म्हणाली, "फोटोवाला पुसायला तयारच नव्हता."

मला कळेना. ती सांगू लागली. "तो म्हणाला, वहिनी, बोटंच तर दिसतात लेकीची, राहू द्या, चांगली दिसतात. मी म्हटलं, पुसा. त्या फोटोला हार घालायचा होता. गेलेल्या माणसाच्या फोटोत जित्या लेकराचा हात कसा ठेवायचा? मला तर तेव्हा काय काय मनात यायचं. म्हटलं, हिला त्यात अडकू द्यायचं नाही."

मी विचारले, "आणि तू?"

"माझं काय, मी पलीकडं उभी होते. मला कापायला नुसती कात्री पुरली."

एवढे बोलून ती भाजी निवडायला बसली. मी आठ वर्षे ज्याची तक्रार सांगत होते, तो माझा हात माझ्याच आईने सोडवून घेतला होता. आणि हे सांगणारी एकमेव व्यक्ती फोटोत नव्हती. 'युलीस' पाहताना हे माझ्यासमोर स्पष्ट मांडून ठेवलेले होते, त्यावर मी टिपणेही काढली होती. तरी आईला दुसरा प्रश्न विचारायला मला आठ वर्षे लागली. पुसलेल्या जागेकडे पाहून मी 'काय पुसले' एवढेच विचारले होते. 'कोणी आणि कशासाठी' हे विचारलेच नव्हते. साहित्याच्या प्राध्यापिकेला हे शोभणारे नाही. वर्गातले ते उदाहरण मी त्यानंतर पुरे सांगू लागले. आता मुले पूर्वीइतकी गप्प होत नाहीत; उलट आपापल्या घरच्या फोटोंविषयी बोलू लागतात.

वार्दाच्या अखेरच्या वर्षांतला 'व्हिझाज व्हिलाज' (2017) हा चित्रपट जेआर या तरुण कलावंताबरोबरचा आहे. दोघे गावोगाव हिंडून लोकांचे भलेमोठे फोटो काढतात आणि भिंतींवर चिकटवतात. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर महायुद्धातला जर्मन बंकर कड्यावरून कोसळून वाळूत तिरपा रुतला आहे. वार्दाने 1950 च्या दशकात काढलेला गी बूर्दँ या आपल्या मित्राचा, पुढे नावाजलेल्या छायाचित्रकाराचा, एक फोटो ते त्या बंकरवर चिकटवतात. तिरप्या काँक्रीटच्या कुशीत तो तरुण पाळण्यात ठेवल्यासारखा दिसतो. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर भरतीने सगळे धुऊन नेलेले. दृष्टी अधू झालेली वार्दा त्या उघड्या बंकरकडे पाहते. ती हळहळते, पण अचंबित होत नाही.

आमच्या भिंतीवरच्या फोटोचे मात्र उलटे चालले आहे. चाळीस वर्षांत शर्टाचा पांढरा रंग पिवळट पडला आणि ब्रशने दिलेला करडा रंग तसाच राहिला. त्यामुळे खांद्यावरचा डाग पूर्वीपेक्षा अधिक दिसतो. उजेड बाजूने आला की चार बोटे मोजता येतात. आईच्या हे लक्षात आले आहे की नाही, मी विचारलेले नाही. ती रोज सकाळी काच पुसते, हार सरळ करते आणि आत जाते.